मोलाचे घड्याळ

भारी किमतीची वस्तू उत्तमच असावयाची, अशी समजूत आपल्या समाजात फार रूढ आहे. ती किती फसवी आहे, हे आम्ही एका मनगटी घड्याळापासून शिकलो.

आम्ही पदवी परीक्षा उत्तीर्ण झालो, तेव्हा आमच्या वडिलांनी उसाच्या बिलाच्या पैशांतून एक उंची परदेशी घड्याळ आम्हांस घेऊन दिले. नाव मोठे, तबकडी देखणी; परंतु ते दिवसास एक मिनिट मागे पडू लागले. एके सकाळी आम्ही कुंडलहून निघून त्या घड्याळाप्रमाणे अगदी वेळेवर किर्लोस्करवाडी स्थानकावर पोहोचलो, तो गाडी निघून गेलेली! दुकानदार म्हणाले, "चावीचे घड्याळ थोडे चुकायचेच."

हे अर्धसत्य होय. चावीचे घड्याळ गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या बळावर चालते. त्याच्या तोलचक्राचे ठोके पुष्कळदा तासास २८,८०० असतात. उलट आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. म्हणून स्वस्त असूनही ते अधिक अचूक ठरते. हा यंत्राचा स्वभाव आम्ही मान्य करतो. परंतु स्वित्झर्लंडातील क्रोनोमीटर-प्रमाणपत्रास दिवसाकाठी सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढीच सूट असते. ६० सेकंदांची चूक हा स्वभाव नव्हे, दोष होय. आणि तो निस्तरून देणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य होय.

याहून मोठे दुःख निराळेच. वडील विचारीत, "घड्याळ बरोबर चालते ना?" आणि त्यांचे मन मोडू नये म्हणून आम्ही "हो" म्हणत असू. अखेर एके दिवशी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बैल घेताना मी दात पाहतो, चालवून पाहतो. घड्याळ घेताना मात्र नुसती किंमत पाहिली!"

आमच्या गावाशेजारच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसविला व लोखंडी नांगर घडविले. त्या नांगराची परीक्षा रंगावर नव्हे, शेतात पडणाऱ्या तासावर होई. घड्याळाचीही परीक्षा तासावरच व्हावयास हवी.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत यश मिळाले म्हणून उंची घड्याळाचा हट्ट धरण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्या. आणि पालकांस आमची विनंती, की नावाला भुलू नका. हमीपत्र वाचा, चूक किती चालेल ते आधी विचारा. घामाचा पैसा वस्तूच्या गुणासाठी द्यावा, केवळ तिच्या दिमाखासाठी देऊ नये.