युद्धगुन्हा नेमका कुणाचा?

युद्ध म्हटले की माणसे मरणारच, असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ आहेत. आम्हाला ते मान्य नाही. युद्धालाही कायदा आहे. १९४९ चे चार जिनिव्हा करार बजावतात की जखमी सैनिक, युद्धकैदी आणि नि:शस्त्र नागरिक यांना मारायचे नाही, छळायचे नाही, ओलीस धरायचे नाही. हे नियम गंभीरपणे मोडणे म्हणजे युद्धगुन्हा.

अर्थ इतका सरळ आहे. घोळ होतो तो हा शब्द कुणाला लावायचा, इथे!

जपानचा जनरल यामाशिता याच्या हाताखालच्या फौजांनी १९४५ मध्ये मनिलात नागरिकांची कत्तल केली. कत्तलीचा हुकूम त्याने दिला, हे सिद्ध करण्याची गरज अमेरिकन लष्करी न्यायमंडळाला वाटली नाही. फौज आवरली नाही, हाच गुन्हा धरून २३ फेब्रुवारी १९४६ रोजी त्याला फासावर दिले.

आता व्हिएतनाम पाहा. १६ मार्च १९६८ रोजी माय लाय येथे अमेरिकन सैनिकांनी म्हातारे, बायका, तान्ही मुले गोळ्या घालून मारली. व्हिएतनामच्या यादीत ५०४ नावे आहेत. तुकडीचा कॅप्टन मेडिना १९७१ मध्ये निर्दोष सुटला. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट कॅलीला. आरोप खुनाचा, युद्धगुन्ह्याचा नव्हे! जन्मठेप झाली, पण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला लगोलग तुरुंगातून काढून नजरकैदेत ठेवले. १९७४ मध्ये तो मोकळाही झाला. त्याच दिवशी माय लायमध्ये हेलिकॉप्टर उतरवून गावकऱ्यांना वाचवणारा ह्यू थॉम्पसनही अमेरिकन सैनिकच होता. म्हणजे ‘हुकूम होता’ ही सबब टिकत नाही.

आजही तेच चालले आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०२३ मध्ये पुतिन यांच्यावर वॉरंट काढले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांनी ते रास्त ठरवले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने नेतान्याहू यांच्यावर वॉरंट काढले, तेव्हा तेच बायडेन ते संतापजनक म्हणाले. अमेरिका स्वतः या न्यायालयाची सदस्य नाही. भारतही नाही.

कागदावर समान आणि अंमलात विषम असलेला कायदा काय करतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून हा शब्द टाकून द्यायचा का? मुळीच नाही! तो दोस्तालाही लावायचा आणि दुश्मनालाही. मारणाऱ्याचा झेंडा कोणता, हे नंतर पाहू. मेलेला नि:शस्त्र होता का, हे आधी विचारा.