झाडांचाही वारसा असतो

ऐतिहासिक वारशाचा विषय निघाला की छत्रपती संभाजीनगरात बोट दाखविले जाते ते दरवाजांकडे, बीबी का मकबऱ्याकडे आणि पाणचक्कीकडे. दगडचुन्यात उभे आहे तेवढेच जपावयाचे, अशी समजूत रूढ झाली आहे. दिल्ली दरवाजाजवळ सुमारे ३०० एकरांवर पसरलेली हिमायत बाग मात्र या समजुतीत बसत नाही. तिचे वैभव वास्तूंत नसून वृक्षांत आहे. आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहिले आहे.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली आणि डोंगरातले पाणी नहरींनी गावात आणले. पुढे मोगल आमदानीत येथे बागा बहरल्या त्या या पाण्याच्या आधारावर. मकबऱ्याभोवतीची चारबाग पाटांनी आणि कारंज्यांनी आखलेली आहे. सतराव्या शतकातली हिमायत बागही याच परंपरेतली. मोगल गेले, १९४८ मध्ये निजामाची सत्ताही संपली. पण ही बाग राहिली. ती नुसती शोभेची नव्हती, हे त्याचे एक कारण होय. आज तेथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. ‘प्रतिष्ठान’ हा चिंचेचा वाण याच केंद्राची देणगी आहे.

इटलीतील पादुआ विद्यापीठाची वनस्पती बाग १५४५ पासून त्याच जागी आहे. तेथे १५८५ मध्ये लावलेले एक ताडवर्गीय झाड आजही जिवंत असून त्याचे लागवडीचे साल कोणाही प्रवाशाला सांगता येते. हे साधले ते श्रीमंतीमुळे नव्हे, तर नोंद ठेवण्याच्या सवयीमुळे. हिमायत बागेतील जुन्या आंब्याचिंचांविषयी असे किती सांगता येईल?

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. परंतु झाडाचे वयच कागदावर नसेल, तर त्या दर्जाचा उपयोग काय? वाढत्या शहरात मोकळी जमीन ही रिकामी जमीन वाटू लागते, आणि नोंद नसलेले झाड पडले तर त्याची दाद मागणारा कोणी उरत नाही.

ही बाग संशोधनासाठी आहे, तेथे नागरिकांचे काय काम, असा आक्षेप निघेल. प्रयोगाच्या क्षेत्राला शिस्त हवी, हे खरेच. पण नोंदणीने संशोधनाला बाध येत नाही. उलट बळच मिळते. विद्यापीठ, महानगरपालिका आणि शहरातील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग यांनी मिळून प्रत्येक जुन्या झाडाला क्रमांक द्यावा, त्याचे नाव, घेर आणि अंदाजी वय लिहावे आणि ती वही सर्वांना पाहण्यास खुली ठेवावी. त्याला मोठा निधी लागत नाही. विद्यार्थ्यांचे हात आणि शिक्षकांची देखरेख पुरेशी आहे. ढासळलेला दरवाजा पुन्हा बांधता येतो. शंभर वर्षांचे झाड पुन्हा उभे करावयास शंभर वर्षेच लागतात.