पडद्यावरचा डबा आणि हातातला डबा

इयत्ता आठवीच्या गणितात ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे प्रकरण येते आणि त्याच्या मागोमाग शिक्षकांची एक जुनी तक्रारही येते. टाकीत मावणारे पाणी विद्यार्थी चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि टाकीला लागणारा पत्रा घन सेंटिमीटरमध्ये. सूत्रे मुखोद्गत असतात. कोणते सूत्र कशाचे, एवढेच काय ते उमगलेले नसते.

या दुखण्यावर तंत्रज्ञान हा उतारा आता सर्रास सुचविला जातो. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकसहभागातून ‘डिजिटल’ झाल्या. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पडदे आणले, ही गोष्ट कौतुकाचीच होय. त्या पडद्यावर इष्टिकाचिती गरगर फिरते, तिची सहा पृष्ठे अलगद उलगडतात, पुन्हा मिटतात. वर्ग थक्क होतो. परंतु पडदा मुळात सपाट. त्यावरील डब्यात पाणी ओतता येत नाही, की त्याला कागद चिकटविता येत नाही. घनफळ म्हणजे भरणे आणि पृष्ठफळ म्हणजे मढविणे, ही दोन्ही हातांची कामे आहेत. दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती डब्यात लिटरचे माप रिते केल्यावर तो काठोकाठ भरतो, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला 1000 घन सेंटिमीटर म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. काडेपेटी उलगडून तिची घडण वहीवर चिकटविणाऱ्या मुलीचेही तसेच. या साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. कदाचित म्हणूनच त्याचे उद्घाटन होत नाही.

मग पडदा निरुपयोगी म्हणावयाचा काय? मुळीच नाही. हात जेथे थकतात तेथे त्याचे खरे काम सुरू होते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मुले खोके कापणार तरी किती? मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये साल्झबर्ग येथे सुरू केलेली ‘जिओजेब्रा’ ही प्रणाली शाळांना विनामूल्य मिळते. तीत घनफळ तेच ठेवून आकार हवा तसा बदलता येतो. एक लिटरचा घन घेतला तर पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर भरते. तोच लिटर 20, 10 आणि 5 सेंटिमीटरच्या खोक्यात घातला की 700. 40, 5 आणि 5 च्या खोक्यात 850. आणि 50, 20 व 1 अशा चपट्या पेटीत 2140. वृत्तचितीची उंची व्यासाइतकी ठेवली तर मात्र सुमारे 554 चौरस सेंटिमीटर पत्र्यात काम भागते.

येथे गणित बाजारात येऊन उभे राहते. तेलाचा व्यापारी घनफळ विकतो, पण डब्यासाठी पैसे मोजतो ते पृष्ठफळाचे. ज्याला हे कळले, त्याला वेष्टनखर्च आणि वाहतूकखर्च यांचा विचार पुढे महाविद्यालयात परका वाटणार नाही. (गोल डबे पत्रा वाचवितात, पण खोक्यात रचताना जागा दवडतात, हाही हिशेब विद्यार्थ्यांनी मांडून पाहण्याजोगा आहे.) कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, यामागेही हेच गणित आहे, ते सांगावयास कोणतीच प्रणाली लागत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र मंच सुचविला आहे. त्याच धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांबरोबर काढावेत, असेही म्हटले आहे. यांपैकी पहिल्या कलमासाठी खरेदी करता येते, म्हणून त्याची चर्चा अधिक. वास्तविक पत्र्याच्या पेट्या बनविणाऱ्या कारागिराच्या दुकानातील एक सकाळ आणि त्यानंतर पडद्यासमोरील एक तासिका, असा क्रम लावला तर दोन्ही कलमे एकमेकांच्या उपयोगी पडतील.

अडचण आहे ती प्रश्नपत्रिकेची. लांबी, रुंदी, उंची देऊन ‘घनफळ काढा’ एवढेच ती विचारीत राहिली, तर कोणताही व्यवहारी शिक्षक पडदा मिटून सूत्रच घोकून घेईल आणि त्याला दोष देता येणार नाही. ‘एक लिटर तेलासाठी कमीत कमी पत्र्याचा चौकोनी डबा सुचवा व कारण द्या’ असा एक प्रश्न चार गुणांसाठी घालावयास ना वीज लागते, ना वर्गणी.