गोळी की प्राणायाम, हा वादच खोटा

जुलै उजाडला की कोल्हापुरात घरोघरी एकच विचारणा: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या माणसाला ही काळजी वाटणं हा आजार नव्हे. त्या काळजीमुळेच जनावरं वेळेवर हलतात. पण पाणी ओसरून महिने उलटले, तरी रात्री छाती धडधडते, हात गार पडतात, दुकान उघडायला जीव धजत नाही, तेव्हा उपचार हवेत. नेमकं तिथंच आपल्याकडे भांडण सुरू होतं.

एक पक्ष सांगतो, डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. रंकाळ्यावर फिरा, अनुलोम-विलोम करा, मन घट्ट करा. सवयीची भीती निराधार नाही, पण ती सगळ्या गोळ्यांना एकाच दावणीला बांधते. अल्प्राझोलम लगेच उतार देते आणि रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागू शकते. म्हणूनच २०१४ पासून ती ‘एच-१’ अनुसूचीत आहे आणि औषध दुकानदाराला तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. जुनी चिठ्ठी दाखवून ती वर्षानुवर्षं घेत राहणं घातकच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांची जात वेगळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांची तल्लफ येत नाही. मात्र कुणाच्या सांगण्यावरून त्या एकाएकी सोडल्या तर चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते. मग घरचे म्हणतात, बघ, व्यसन लागलं! ते व्यसन नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवला असता, तर हा त्रास बराचसा टळला असता.

‘मन घट्ट कर’ या उपदेशाचा मला मनापासून संताप येतो. खांदा निखळलेल्या पोराला कुठलाही वस्ताद जोर मारायला लावत नाही. आधी खांदा बसवतो. ज्याची झोप आणि भूक दोन्ही गेली आहेत, त्याला श्वासावर लक्ष ठेव म्हणणं याच जातीचं आहे.

दुसरा पक्ष तितकाच हट्टी: गोळी तेवढी खरी, बाकी सारं थोतांड. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये चिंतारोगाच्या २७६ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला एस्सिटालोप्राम, दुसऱ्याला सजगतेच्या ध्यानाचं शिक्षण. आठ आठवड्यांनी ध्यान गोळीपेक्षा कमी ठरलं नाही, आणि दुष्परिणाम खूपच कमी दिसले. पण पहिल्या पक्षानं लगेच टाळ्या पिटू नयेत. ध्यानाचा गट दर आठवड्याला अडीच तास वर्गात बसत होता, शिवाय घरी रोज पाऊण तास सराव करत होता. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओला ही सर कशी येणार?

योगाच्या थोर अभ्यासकांनीही औषधाशी वैर धरलं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. आपल्याच जिल्ह्यात आळत्याला विपश्यना केंद्र आहे. त्या शिबिरांच्या नियमावलीतच सांगितलेलं आहे की ही साधना वैद्यकीय किंवा मानसोपचारांना पर्याय नाही.

या भांडणात बोलण्याचा उपचार कायम विसरला जातो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. ढग भरून आले की पूर येणारच, हा विचार तपासून पाहायला ती शिकवते. ते काम गोळी करत नाही, प्राणायामही करत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. त्रास सौम्य असेल तर समुपदेशन, चालणं, श्वसन यांनी सुरुवात करावी. थायरॉइड मात्र तपासून घ्यावा, कारण त्याच्या बिघाडानंही अशीच धडधड होते. कामधंदा बंद पडला असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठावा आणि त्यांनी दिलं तर औषध घ्यावं; जरा स्थिर झाल्यावर बाकीचं त्याच्या जोडीला. अश्वगंधा घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण झोपेच्या आणि थायरॉइडच्या औषधांशी तिचा संबंध येतो. आणि गोळी बंद करायची तर ती ज्यांनी लिहून दिली, त्यांनाच विचारावं, शेजाऱ्याला नव्हे.

कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.