पेगाससला विरोध, मग घरातल्या पाळतीचे काय?

मोबाईलवरच्या पाळतीचा विषय आपल्या चळवळीत निघतो तेव्हा तो ‘पेगासस’पासून सुरू होतो आणि ‘पेगासस’पाशीच संपतो. कार्यकर्त्यांचे फोन फोडले गेले, हे आम्ही मोर्चात, परिषदेत, फेसबुकवर ठणकावून सांगतो. सांगितलेच पाहिजे. पण त्याच चळवळीतल्या घरांत कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये गुपचूप ॲप टाकलेले असते. बायकोचे व्हॉट्सॲप नवऱ्याच्या लॅपटॉपवर उघडे असते. पुण्यात एमपीएससी करणाऱ्या बहिणीने लाईव्ह लोकेशन बंद केले की भावाचा फोन येतो. याबद्दल मात्र आम्ही गप्प बसतो. ही गप्प बसण्याची सवय मोडायला हवी, कारण दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे: कोण कोणावर नजर ठेवतो, आणि ज्याच्यावर नजर आहे त्याला ‘नाही’ म्हणता येते का?

आधी हे ॲप काय करते ते समजून घेऊ. काही ॲप उघड असतात. लहान मुलांसाठीचे फॅमिली लिंक किंवा हरवलेला फोन शोधण्याची सोय यात फोन वापरणाऱ्याला कळते की नजर आहे. दुसरा प्रकार लपून राहणारा. तो टाकायला फोन पाच-दहा मिनिटे हातात आणि लॉक माहीत असला तरी पुरते. हे ॲप बहुधा प्ले स्टोअरच्या बाहेरून येते, टाकताना प्ले प्रोटेक्ट बंद करायला लावते आणि ‘सिस्टीम सर्व्हिस’सारखे साधे नाव घेऊन बसते. मग मेसेज, कॉल, फोटो, लोकेशन, कधीकधी माईकचा आवाजसुद्धा कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि नजर ठेवणारा तो वेबसाईटवर बसून पाहतो. गुगलने २०२० मध्ये अशा छुप्या ॲपना प्ले स्टोअरमध्ये बंदी केली. मुलांसाठी पालकांनी वापरायच्या ॲपला सूट ठेवली, पण तीही उघडपणे सूचना दाखवण्याच्या अटीवर. तरी बाजार थांबलेला नाही. जाहिरातीत ‘मुलांची सुरक्षा’ असते आणि ग्राहक असतो संशयी नवरा.

पाळत आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. १८७१ च्या क्रिमिनल ट्राईब्ज ॲक्टने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना हजेरी लावली, तारेच्या कुंपणात सेटलमेंटमध्ये कोंडले. सोलापूरची सेटलमेंट आजही लोकांच्या आठवणीत आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांच्या रूपाने पोलिसांची नजर कायम राहिली. आणि ज्या महारांना वेसकर म्हणून गावाच्या वेशीवर रात्रभर पहारा द्यायला लावले, त्यांच्यावरच गावात चोरी झाली की पहिला संशय. जातव्यवस्थेत पाळत नेहमी वरून खाली असते. खालच्याने वर पाहिले की तो उर्मटपणा ठरतो.

आजही दिशा तीच आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंदिगढ आणि पंचकुल्यातही तेच झाले. कामगार नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेला की नोंद होते, आणि पगार कापला जाण्याची टांगती तलवार राहते. घड्याळ काढून स्वच्छतागृहात जायचे की घालून, असा प्रश्न महिला कामगारांपुढे उभा राहिला. या कामात कोणत्या जातीचे लोक आहेत हे सांगायची गरज नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. तरी माणसे गटारात गुदमरून मरतात. झाडूवाला दहा मिनिटे कुठे बसला हे ज्या यंत्रणेला कळते, तिला माणूस गटारात उतरवणारा ठेकेदार कुठे आहे हे कळत नाही. मनरेगावरही तेच. एनएमएमएस ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो चढवावा लागतो. नेटवर्क नसल्याने फोटो चढला नाही, तर भुर्दंड मजुराला. मजुरी वेळेवर न देणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो मात्र कोणी दिवसातून दोनदा काढत नाही.

कार्यकर्त्यांचे तर बोलायलाच नको. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केले की पेगाससद्वारे जगभरात सुमारे १४०० जणांना लक्ष्य केले गेले. भारतातल्या नावांत वकील, पत्रकार, दलित-आदिवासींसाठी काम करणारे कार्यकर्ते होते, डॉ. आनंद तेलतुंबडे होते. पेगासस बनवणारी एनएसओ कंपनी म्हणते की ती हे हत्यार फक्त सरकारांनाच विकते. ते विकत घेतले की नाही, याचे सरळ उत्तर भारत सरकारने दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच असल्याचे ठामपणे सांगता आले नाही. सरकारने सहकार्य केले नाही हेही समोर आले. भीमा-कोरेगाव प्रकरणात तर आर्सेनल या अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये बाहेरून कागदपत्रे पेरली गेली होती. म्हणजे फोन-लॅपटॉपमध्ये घुसणारा फक्त वाचत नाही, तो लिहूही शकतो. तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला शरण गेले आणि जामीन मिळून बाहेर यायला २०२२ चा नोव्हेंबर उजाडला.

इथपर्यंत आपले सगळे सहमत होतील. आता घराकडे वळू.

बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ निबंधात जातीचे मर्म नेमके पकडले होते. जातीतल्या जातीत लग्न हा जातीचा प्राण आहे, आणि तो टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या, असे त्यांनी मांडले. म्हणजे जात टिकते ती बाईवर पहारा ठेवून. आज सती नाही, वैधव्याची सक्ती सैल झाली आहे. मग पहारेकरी कोण? मुलगी कोणाशी बोलते, कोणाचा फोन येतो, कॉलेज सुटल्यावर कुठे जाते हे सांगणारे ॲप. बाबासाहेबांनी वर्णन केलेल्या त्या बंद दरवाजाला बसवलेले हे नवे कुलूप आहे.

सवर्ण घरात हे कुलूप आपल्या पोरांच्या जिवावर उठते. २०१४ मध्ये खर्ड्यात सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून आपल्या समाजातल्या शाळकरी मुलाला मारून टाकले गेले. पुढे २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तिथे फोनची गरजही लागली नव्हती, डोळ्यांची पाळत पुरली. आता विचार करा, त्याच मानसिकतेच्या घरात मुलीचा प्रत्येक मेसेज रोज बापाच्या हातात पडत असेल, तर पलीकडे मेसेज लिहिणाऱ्या मुलाचे काय होईल?

आणि आपल्या घरात? बौद्ध मुलगी मातंग मुलाशी बोलते, चर्मकार मुलगी बौद्ध मुलाशी बोलते, म्हणून फोन काढून घेणारे बाप आपल्यातही आहेत. १४ एप्रिलला निळा फेटा बांधून ‘जातिअंत’वर भाषण करायचे आणि पोटजातीबाहेरचे स्थळ नको म्हणून मुलीच्या फोनमध्ये ॲप टाकायचे, हे चालणार नाही. ‘जातिसंहार’ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला आहे. त्या उपायावरच आपण पाळत ठेवतो. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती काढली तेव्हा आम्ही तिला ‘प्रेमावरची पाळत’ म्हणून विरोध केला. टीका झाल्यावर ‘आंतरजातीय’ शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. सरकारला जो नियम लावतो तो स्वतःच्या उंबरठ्याच्या आत लावणार की नाही?

यावर येणारा आक्षेप आम्हाला माहीत आहे, आणि तो हलका नाही. ‘आमच्या पोरीवर हात टाकणारे मोकाट आहेत. खैरलांजी आम्ही पाहिली आहे. पोलीस आमची तक्रार घेत नाहीत. मग बापाने काळजी घ्यायची नाही का?’ दलित आई-बापाची ही भीती खरी आहे. तिला सवर्णांच्या ‘इज्जती’च्या मापाने मोजू नये. पण गुपचूप पाळत त्या भीतीवर औषध नाही. आपला फोन वाचला जातो असा संशय आला की मुलगी दुसरा फोन, दुसरा नंबर शोधते. उद्या कोणी फोटोवरून धमकावले, पाठलाग केला, तर ती घरी सांगत नाही, कारण सांगितले की फोन, कॉलेज आणि हॉस्टेल तिन्ही जातात. जिला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे तिचे तोंड आपण स्वतः बंद करतो. शिवाय तिचे खासगी फोटो, मेसेज, रोजचा रस्ता आपण कोणत्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतो. या कंपन्यांचा साठा वारंवार फुटला आहे. एमस्पाय या नावाजलेल्या कंपनीची माहिती एकदा नव्हे, अनेकदा बाहेर आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये स्पायफोनला या धंद्यातून बाहेर काढले. पोरीला वाचवायला म्हणून टाकलेले ॲप तिलाच चव्हाट्यावर आणू शकते.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ सांगते की बाईच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवणारा पुरुष पाठलागाचा गुन्हा करतो. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात ‘नवरा सोडून’ असे लिहिलेले नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या उपकरणात घुसणे माहिती तंत्रज्ञान कायद्यातही गुन्हा आहे. पण २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा माणसाने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवाय माहिती वापरू देतो. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट ठेवतो. घर, मालक आणि सरकार, जिथून आपल्यावर नजर असते तिथेच कायदा डोळे मिटतो. म्हणून कायद्याची वाट पाहत बसून भागणार नाही.

सगळी नजर वाईट, असे आम्ही म्हणत नाही. अत्याचाराच्या गावात सत्यशोधनाला जाणारा कार्यकर्ता सोबत्यांना लाईव्ह लोकेशन पाठवतो, रात्री घरी परतणारी मुलगी मैत्रिणीला पाठवते, विसरभोळ्या आजोबांच्या खिशात घरच्यांनी ट्रॅकर ठेवला. हे योग्य आहे, कारण त्यामागे त्या माणसाची इच्छा किंवा खरी गरज आहे, काही लपवलेले नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या फोनवर उघडपणे मर्यादा घालणेही योग्य. वय वाढेल तशी ती सैल व्हायला हवी. आणि जातिवाचक शिवी देणाऱ्याचा, तक्रार न घेणाऱ्या ठाण्याचा व्हिडिओ काढणे तर आपले हत्यार आहे. ती खालून वर जाणारी नजर आहे.

म्हणून आपल्या तरुणांनी तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, लपवून ठेवायची पाळत कोणावरही नाही, बायकोवर नाही, बहिणीवर नाही, मुलीवर नाही. दोन, सज्ञान माणसाने ‘नको’ म्हटले की विषय संपला. तीन, कामगारांवर ॲप किंवा घड्याळ लादले जात असेल तर युनियनने माहिती अधिकारात विचारावे: काय नोंदवता, किती दिवस ठेवता, कोणाला देता, आणि ठेकेदारावर काय लावले आहे?

आपल्यावर नजर आहे असे ज्या भगिनींना वाटते, त्यांनी व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हाईसेस’ पाहावे, प्ले प्रोटेक्ट बंद तर नाही ना बघावे, ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाईस ॲडमिनची परवानगी कोणत्या ॲपला आहे ते तपासावे. पण ॲप काढले की समोरच्याला कळते. घरात मारहाणीचा धोका असेल तर आधी दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासातल्या मैत्रिणीशी, वकिलाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाईनवर बोलावे, मगच हात लावावा.

हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. बाईचा हक्क त्यांच्यासाठी खुर्चीपेक्षा मोठा होता. आपल्याला खुर्ची सोडायची नाही. मुलीचा फोन तिच्या हातात परत द्यायचा आहे.

जय भीम!