अठरा पूर्ण झाले की पोर एकटं?

आज जरा नकोसा विषय काढतेय. सिलेक्टिव्ह, एटार, पी-प्लेट, सगळ्यावर आपण बोलतो. कोर्टाची ऑर्डर लागलेल्या मुलांबद्दल कोणी बोलत नाही. अशी मुलं आपल्यात नसतातच असं आपण धरून चाललोय. असतात. पबबाहेरची हाणामारी, खिशात सापडलेली गोळी, पिऊन चालवलेली गाडी... एवढ्यावर होतं.

दर वेळी तुरुंग होत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये सप्टेंबर 2018 पासून जुन्या बाँडच्या जागी कंडिशनल रिलीज ऑर्डर आणि कम्युनिटी करेक्शन ऑर्डर आल्या. पहिली जास्तीत जास्त 2 वर्षांची, दुसरी 3. नवा गुन्हा करायचा नाही, बोलावलं की कोर्टात जायचं आणि देखरेख लावली असेल तर कम्युनिटी करेक्शन्सच्या ऑफिसरला ठरल्या वेळी भेटायचं. म्हणजे आपलं प्रोबेशनच.

माझा आक्षेप या देखरेखीच्या रचनेवर आहे. मी सीए, म्हणून आकड्यांतून बघते. सेंटरलिंक विद्यार्थ्याला यूथ अलाउन्स देताना साधारण 22 पर्यंत आईवडिलांचं उत्पन्न मोजतं. हेडस्पेस 25 पर्यंतच्या मुलांना घेतं. काही हेल्थ फंड तर 31 पर्यंत मुलाला फॅमिली पॉलिसीत ठेवू देतात. पैसा आणि तब्येत या बाबतीत सगळ्यांना मान्य आहे की विशीतलं पोर अजून अर्धं घरावर असतं. गुन्हा मात्र अठराव्या वाढदिवसानंतर घडला की यंग ऑफेंडर्स ॲक्ट लागू नाही, पोर थेट चाळिशीच्या माणसांच्या रांगेत. आपल्या भारतातला 1958 चा प्रोबेशनचा कायदा याबाबत जास्त समंजस वाटतो मला. जन्मठेपेचे गुन्हे सोडले तर 21 च्या आतल्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायाधीशाने प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवायचा आणि कारणं लिहून ठेवायची. (अंमलबजावणी किती होते, तो वेगळा विषय.)

18 ते 25 साठी वेगळी रचना हवी. भेटीच्या वेळा संध्याकाळच्या, म्हणजे ॲप्रेंटिस मुलाचा पगार कापला जाणार नाही. ऑफिसर शेवटपर्यंत एकच. आणि पहिल्याच दिवशी मुलाला विचारायचं, घरातलं कोणी सोबत हवंय का? मुलाच्या परवानगीशिवाय आपल्याला काही सांगू नये हे मला पटतं. काही मुलांना घराचाच त्रास असतो. पण तो हो म्हणाला तर आईवडिलांना अटी नीट, गरज पडली तर दुभाष्या देऊन, समजावून सांगाव्यात. कारण आपण काय करतो? फोन काढून घेतो, बोलणं बंद करतो, नाहीतर सहा महिने पुण्याला आजीकडे पाठवायचं ठरवतो. ऑफिसरला न विचारता तिकीट काढलं आणि भेटी चुकल्या तर ऑर्डर मोडल्याचं नवं प्रकरण उभं राहू शकतं!

दोन गोष्टी माहीत असू द्या. कन्व्हिक्शन न नोंदवता मिळालेली कंडिशनल रिलीज ऑर्डर अटी पाळून संपली, तर बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. मुलांसोबतच्या कामाला अपवाद आहेत. आणि मूल अजून सिटिझन नसेल तर वकिलाला व्हिसाचं पहिल्याच भेटीत विचारा. 12 महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली की व्हिसा धोक्यात येतो, आणि इंटेन्सिव्ह करेक्शन ऑर्डर घरी राहून भोगायची असली तरी ती कैदेचीच शिक्षा असते.

शेवटचं आपल्या मंडळांसाठी. कम्युनिटी करेक्शन ऑर्डरमध्ये कोर्ट 500 तासांपर्यंत समाजसेवा लावू शकतं, आणि ती ना-नफा संस्थांकडे करता येते. गणपतीत खुर्च्या लावायला, जेवण वाढायला आपल्याला दरवर्षी माणसं कमी पडतात. एखाद्या मंडळाने अशी संस्था म्हणून पुढे यायला काय हरकत आहे? मुलगा कोण, कशासाठी आलाय, हे समितीतल्या एकाच माणसाला माहीत असलं की पुरे. पुढच्या कमिटी मीटिंगला मी हा विषय मांडणार आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर इनबॉक्स करा.

घरात आत्ताच असं काही चालू असेल तर लॉ ॲक्सेस 1300 888 529. मराठी दुभाष्या हवा असेल तर आधी 131 450 लावा.