शब्दाची फोड करून पाहा

शुद्धलेखन म्हटलं की मुलांना आठवते ती लाल शाई. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणा, हा आपल्याकडचा जुना उपाय. पण दहा वेळा लिहूनही अकराव्या वेळी मूल चुकतंच, कारण तो शब्द तसाच का लिहायचा हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आमच्या गोडदेवमध्ये हे जास्तच जाणवतं. मूळ गाव आगरी, आणि आता आजूबाजूच्या इमारतींत हिंदी, गुजराती, मारवाडी असं सगळंच कानावर पडतं. अशा मुलांना 'ऐकू येतं तसं लिही' म्हणून भागत नाही. खरं तर बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपल्यालाही कुठे नीट ऐकू येतं? मग चुकण्याच्या धास्तीनं मुलं मोठे शब्द टाळतात, दोन ओळींत निबंध उरकतात. गेलेले मार्क पुढच्या परीक्षेत भरून काढता येतात, मनातलं लिहायची हिंमत गेली की ती परत आणणं कठीण.

म्हणून मला वाटतं, अवांतर वाचनाच्या तासाला वर्गात एक कादंबरी वाचावी आणि शुद्धलेखन तिच्यातल्याच शब्दांवरून शिकवावं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई'च घ्या. तिच्यातल्या प्रकरणांची नावंसुद्धा पुरेशी आहेत.

एक नाव आहे 'पुनर्जन्म'. मुलं हमखास 'पुर्नजन्म' लिहितात. फळ्यावर 'पुनर् + जन्म' अशी फोड केली की रफार 'ज'वर का, ते लगेच दिसतं. त्याच उपसर्गाचे पुनर्वसन, पुनर्विचार, पुनर्विकास हे शब्दही मग चुकत नाहीत. पुनर्विकास तर इथल्या मुलांच्या रोजच्या कानावरचा!

दुसरं नाव 'गरिबांचे मनोरथ'. 'गरीब'मधला 'री' दीर्घ, प्रत्यय लागताच ऱ्हस्व झाला. फूल-फुलाला, मूल-मुलाला तसंच. पण 'वित्तहीनाची हेटाळणी'मध्ये 'ही' दीर्घच राहिला, कारण 'हीन' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. शरीर-शरीरात हेही त्यातलंच. शासनानं १९६२ साली मान्य केलेल्या लेखननियमांतला हा नियम पाठ करायला रुक्ष, पण गोष्टीतून सहज लक्षात राहतो. 'सात्त्विक'मध्ये दोन 'त' का? 'सत् + त्व'मधून 'सत्त्व' झालं, त्याला 'इक' लागला म्हणून. 'महत् + त्व' म्हणजे 'महत्त्व', तेही असंच.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. आधी गोष्ट, मग व्याकरण. श्यामच्या आईसाठी डोळे भरून आले असताना मुलांना प्रत्यय विचारू नयेत. प्रकरण संपू द्यावं, त्यावर बोलू द्यावं, आणि शेवटी एकच शब्द फळ्यावर घ्यावा. कादंबरीची व्याकरणाची वही झाली, तर वाचनाची गोडीही जायची.

'पोर्शन'मधून वेळ कुठला, असं शिक्षक म्हणतील. पण २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. नुसत्या सक्तीनं भाषा येत नाही, तिची गोडी लावावी लागते.

आणि मैत्रिणींनो, शाळेनं नाही केलं तरी घरी करता येईल. त्यासाठी व्याकरण यायलाच हवं असं नाही. रात्रीची भांडी आवरली की एक प्रकरण मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. मग एखादा शब्द दाखवून एवढंच विचारा, "यातला मूळ शब्द कुठला, आणि त्याला काय जोडलंय?" उत्तर तुम्हाला येत नसलं तरी बिघडत नाही, दोघं मिळून शोधा. दहा वेळा लिहिण्यापेक्षा हे खचितच बरं.